जुन्या पल्सरचे मागचे शॉकअप बदलले, कमी बजेटमध्ये काय घेतलं आणि का

गाडी २००७ ची पल्सर १५०, वडिलांच्या नावावर. १५ वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलंय, इंजिन अजून ठणठणीत आहे, त्यामुळे विकायचा विषयच नाही. पण मागची बाजू पार बसली होती. बायको मागे बसली की प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून धाडकन आवाज, आणि कात्रजच्या घाटात वळणावर छोटा खड्डा जरी लागला तरी मागचं चाक उड्या मारत बाजूला सरकायचं. आवाज एकवेळ सहन होतो हो, पण वळणात चाक सरकणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ आहे, आणि लोक नेमकं त्याकडेच दुर्लक्ष करतात, "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणून सोडून देतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दुकानात जायच्या आधी शॉकअपच गेलेत का हे नक्की करा. सीट दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. शॉकअप चांगला असेल तर मागची बाजू एकदा वर येते आणि तिथेच थांबते, गेला असेल तर वर-खाली डुलत राहते. मग स्प्रिंगच्या आतल्या रॉडकडे बघा, तेलकट असेल आणि त्यावर धूळ चिकटून काळा लेप बसला असेल तर ऑइल सील, म्हणजे तेल बाहेर येऊ न देणारं रबर, गेलंय. आणि गाडी मेन स्टँडला लावून मागचं चाक पकडून डावी-उजवीकडे हलवून बघाच, चाकाबरोबर अख्खा स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा चिमटा) हलत असेल तर त्याच्या सांध्यातले बुश संपलेत, अशा वेळी तुम्ही कितीही भारी शॉकअप टाका, गाडी लचकतच राहणार. बुश स्वस्त असतात, मजुरी धरूनसुद्धा शॉकअपपेक्षा बरेच कमी पैसे लागतात. टायरमधली हवा पण बघा, या गाडीला मागे एकट्याला २८ आणि डबलसीट ३२ पीएसआय लागते, पंपावरचा माणूस न विचारता ४० मारून देतो आणि मग आपण शॉकअपला शिव्या घालत बसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. शॉकअपमध्ये दोन कामं वेगवेगळी चालतात. वजन पेलते ती स्प्रिंग, आणि त्या स्प्रिंगची उडी आवरतो तो आतला पिस्टन, जो तेलातून बारीक छिद्रांवाटे जातो. गाडी जुनी झाली की स्प्रिंग थोडीफार बसते, पण खरं जातं ते तेल आणि सील, म्हणजे आवरणारी बाजू. आणि दुकानात आपण बघतो काय तर स्प्रिंग किती जाड आहे, लाल आहे की पिवळी! काउंटरवर हाताने दाबून आतल्या पिस्टनबद्दल काहीही कळत नाही, त्यामुळे कमी बजेटमध्ये एकच मार्ग उरतो, ज्या कंपनीचं शॉकअप बनवणं हेच मुख्य काम आहे तिचा साधा माल घ्यायचा आणि दिसण्यावर एक रुपया घालवायचा नाही.

माझ्यासमोर जे पर्याय होते ते सगळे फिरून बघितले.

सगळ्यात स्वस्त म्हणजे रिपेअर. सील बदलून, तेल भरून जोडीचे ६००-८०० घेतात. साध्या तेलाच्या शॉकअपला हे चालतं, स्प्लेंडर वगैरेला मी स्वतः सुचवेन, अट एवढीच की रॉड गुळगुळीत पाहिजे, रॉडवर गंजाचे बारीक खड्डे पडले असतील तर नवीन सील थोड्याच दिवसांत कापलं जातं. पण पल्सरला २००४-०५ च्या सुमारास नायट्रॉक्स शॉकअप आले ते गॅसचे आहेत, त्यात दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, कारण खराब रस्त्यावर सतत वर-खाली होऊन तेल तापतं, त्याचा फेस होतो आणि फेसातून पिस्टन नुसता सरकतो, गॅसचा दाब तो फेस होऊ देत नाही. गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडे नायट्रोजन भरायची सोय नसते, तो भोक पाडून गॅस सोडतो, तेल भरतो आणि भोक बुजवतो. गाडी चालते, पण आता तो गॅसचा शॉकअप राहिला नाही, आणि दाबाखालचा डबा असा उघडणं हे त्या माणसाच्याही डोळ्यांसाठी चांगलं नाही. कृपा करून हे करायला लावू नका.

दुसरा पर्याय जुन्या बाजारातला काढलेला माल. बुधवार-रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात सगळं मिळतं, मला तो बाजार मनापासून आवडतो, आरसे, टूल, साइड पॅनल तिथूनच घेतो. शॉकअप मात्र नाही. ॲक्सिडेंटच्या गाडीचा रॉड डोळ्याला न दिसेल इतका वाकलेला असू शकतो.

तिसरा म्हणजे बिनानावाचे चकचकीत, बाजूला तेल-गॅसचा वेगळा डबा लावलेले. १२००-१५०० पासून जोडी. यातल्या बऱ्याच मालाचा डबा नुसता शोभेचा असतो, आतून पोकळ, बॉडीला स्क्रूने लावलेला, तेलाला तिकडे जायला वाटच नसते. एका दुकानदाराने मला हेच "गॅसवाले" म्हणून गळ्यात मारायचा बराच प्रयत्न केला, उंची विचारली तर म्हणे सगळ्याला बसतात. सगळ्याला बसतात म्हणणाऱ्या दुकानातून शॉकअप घेऊ नका.

उंचीचं कारण असं. वरच्या बोल्टच्या मधोमधपासून खालच्या बोल्टच्या मधोमधपर्यंतचं अंतर हे शॉकअपचं खरं माप. दोन सेंटिमीटर जास्त उंच टाकला की मागची बाजू वर, पुढची खाली, हँडल हायवेला हलकं आणि चंचल होतं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, आणि मेन स्टँड लावला तरी मागचं चाक जमिनीला टेकून राहतं, म्हणजे चेन साफ करायची पंचाईत. पोरं गाडी उठलेली दिसावी म्हणून मुद्दाम उंच टाकतात, त्यांच्या हौसेबद्दल काही म्हणणं नाही, पण घरच्यांना मागे बसवून फिरायच्या गाडीला हे नको.

वरच्या टोकाला वायएसएस वगैरे, थायलंडचा ब्रँड आहे, माल चांगला, पण आठ-दहा हजारांच्या पुढे जातो आणि या गाडीची आजची किंमत बघता तेवढे पैसे मी घालणार नव्हतो. बुलेटवर लांब फिरणाऱ्यांनी जरूर बघावा.

शेवटी घेतले एंड्युरन्सचे. आपल्या छत्रपती संभाजीनगरची कंपनी, बजाजला शॉकअप पुरवते, आणि स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकते. नाना पेठेत एका जुन्या स्पेअरच्या दुकानात मिळाले, जोडी तीन हजारांच्या आसपास पडली, बिलासकट. गॅब्रिएलच्या डब्यांचीही तिथे रांग होती, ज्यांच्या गाडीला त्यांचे बसतात त्यांनी बेधडक घ्यावेत, तीही खात्रीची कंपनी आहे.

त्या दुकानाबद्दल दोन शब्द लिहायलाच पाहिजेत. मी जुना शॉकअप पिशवीत घालून नेला होता. काकांनी आधी तो हातात घेतला, मग व्हर्नियर काढून बुशच्या आतल्या नळीचं माप घेतलं, नवीन काढून शेजारी उभा केला आणि दोन्हीतून स्क्रूड्रायव्हर घालून उंची जुळवून दाखवली. मी विचारलं, "काका, एकच बाजू लीक आहे, एकच दिला तर?" तर म्हणाले, "एक विकत नाही मी. एक नवा एक जुना टाकलात की चिमटा पिळतो, मग माझ्याच नावाने बोंब माराल." पैसे जास्त जात असूनही असं स्पष्ट सांगणारा माणूस भेटला की बरं वाटतं. डब्यावरची उत्पादनाची तारीख पण त्यांनीच दाखवली, रबराची सीलं नुसती पडून राहिली तरी कडक होतात, म्हणून वर्षानुवर्षं रॅकवर पडलेला माल नको.

बसवणं अवघड नाही. मेन स्टँडला लावून एका वेळी एकच बाजू काढायची, दुसरी तशीच ठेवायची, म्हणजे चाक खाली लोंबत नाही आणि भोकं जुळतात. उजवीकडे सायलेन्सर जरा ढिला करावा लागतो. बोल्टला ग्रीस, बुशच्या रबराला मात्र नाही, रबर फुगतं.

यानंतरची गोष्ट मेकॅनिक कधीच करत नाहीत, ती म्हणजे खाचा. शॉकअपच्या खाली फिरणारी रिंग असते, पाच खाचांची. ती आवळली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि गाडी वर उठते. स्प्रिंग त्याने कडक होत नाही आणि आतल्या तेलाशी त्याचा काही संबंध नाही. चाक हवेत असताना मागच्या एक्सलपासून ग्रॅबरेलवरच्या (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीवरच्या) एका खुणेपर्यंतचं अंतर टेपने मोजा, मग गाडी चाकांवर घेऊन रोजच्यासारखे बसा आणि कुणाला तरी तेच अंतर परत मोजायला सांगा. चाकाला वर-खाली व्हायला एकूण १०० मिमी जागा असेल तर बसल्यावर साधारण २५ ते ३३ मिमी खाली गेलं पाहिजे. त्याहून जास्त गेलं तर एक खाच आवळा, कमी गेलं तर सोडा. माझं एकट्याचं दुसऱ्या खाचेवर जमलं, डबलसीट आणि सामान असेल तर चौथी. दोन्ही बाजू सारख्याच खाचेवर हव्यात.

चालवताना फरक पहिल्याच वळणात कळला. कात्रजच्या त्याच वळणांवर खड्डा लागला की एक ठोका बसतो आणि गाडी आपल्या रेषेत राहते. बायकोचं मत मला जास्त महत्त्वाचं वाटलं, स्पीडब्रेकरला आता ती पाय रोवून उठत नाही. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर बारीक थरथर अजून हातापायाला जाणवते, सुरुवातीला तर जरा जास्तच कडक वाटले, नंतर सीलं मोकळी झाली तसे मऊ झाले. या किमतीत बारीक खडबडीतपणा पूर्ण गिळणारा शॉकअप मिळत नाही, तशी अपेक्षा ठेवू नका. पण मोठ्या खड्ड्याला चाक रस्ता सोडत नाही, आणि मला पैसे त्यासाठीच द्यायचे होते.

एक काम मात्र बसवल्याच्या दिवशीच करून घ्या. बसलेली मागची बाजू वर आली की चेनचा ताण बदलतो, तो मॅन्युअलप्रमाणे परत सेट करावा लागतो, आणि हेडलाइटचा झोत खाली येतो. माझा लो बीम अगदी पुढच्या चाकासमोर पडायला लागला होता. भिंतीसमोर गाडी उभी करून, स्वतः वर बसून, हेडलाइटच्या स्क्रूने झोत वर घेतला, पाच मिनिटांचं काम.