अंग बाहेर येणं आणि लघवी सुटणं: रिंग, मशीन, टेप की ऑपरेशन?

शिंक आली, जोरात हसलं, पाण्याचा हंडा उचलला की लघवीचे थेंब सुटतात ही एक तक्रार, आणि खाली काहीतरी उतरलंय, बसलं की गोळ्यावर बसल्यासारखं वाटतं ही दुसरी. आपल्याकडे दोन्ही एकाच दमात सांगितल्या जातात आणि शेजारपाजारून सल्लाही एकच येतो, गर्भाची पिशवी काढून टाक. आता लघवी सुटण्याचा आणि पिशवी काढण्याचा तसा काही संबंध नाही, आणि अंग बाहेर येण्यात पण पिशवीचा दोष नसतो, तिला धरून ठेवणारे स्नायू आणि पडदे सैल झालेले असतात, म्हणून तर पिशवी काढलेल्या बायकांचंही अंग काही वर्षांनी परत खाली येतं. म्हणून कुठलीही वस्तू विकत घ्यायच्या किंवा ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी डॉक्टरांकडून एवढं नक्की करून घ्या की आपली लघवी खोकल्या-शिंकण्याची आहे की घाईची (म्हणजे बाथरूमच्या दारात पोचेपर्यंत सुटते ती), आणि खाली उतरलंय ते मूत्राशय, पिशवी की मागून गुदाशय. यातलं काय आहे त्यावर सगळं ठरतं.

सगळ्यात आधी व्यायाम, म्हणजे लघवी रोखताना आवळतो ते खालचे स्नायू आत ओढून आवळायचे आणि सोडायचे, कारण तो फुकट आहे. अर्नॉल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, गंमत म्हणजे त्याने सोबत दाब मोजायचं एक उपकरण पण काढलं होतं, म्हणजे यंत्र विकायची हौस तेव्हापासूनची. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शिकेत दिवसातून ३ वेळा, दर वेळी निदान ८ आकुंचनं आणि असं किमान ३ महिने असं सांगितलंय, तेही कोणाच्या तरी देखरेखीखाली. देखरेख कशाला, तर खूप जणी आत ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात, पोट आवळतात, मांड्या आवळतात आणि महिनाभर करून म्हणतात काही फरक नाही. फिजिओथेरपिस्ट एकदा बोटाने तपासते आणि बरोबर चुकीचं तिथल्या तिथे कळतं, लाज वाटते मान्य आहे पण पैसा वाचतो. अंग थोडंच खाली आलं असेल तरी ह्या व्यायामाने जडपणा कमी होतो, पूर्ण बाहेर आलेलं अंग मात्र व्यायामाने आत जात नाही.

आता ऑनलाइन दिसणारी यंत्रं. आत घालायचं आणि किती जोराने आवळलं त्याचा मोबाईलवर आलेख दाखवणारं एक, योनीत धरून ठेवायचे वजनाचे शंकू (कोन) दुसरे, करंट देणारं तिसरं. ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर एक मोठी चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला, नुसता व्यायाम एका गटाला आणि व्यायाम अधिक आलेख दाखवणारं यंत्र दुसऱ्या गटाला, २ वर्षांनी बघितलं तर लघवी सुटण्यात काही खास फरक नाही. म्हणजे यंत्राने अपाय नाही, पण त्याशिवाय व्यायाम होतच नाही असं अजिबात नाही, यंत्र घेतल्यामुळे तुम्हाला रोज आठवण राहणार असेल तर घ्या. कोन पण तसेच, काहीच न करण्यापेक्षा बरे, व्यायामापेक्षा सरस नाहीत. करंटचं मशीन खरं कामाचं कोणाला, तर जिला तो स्नायू आवळताच येत नाही, कुठे आवळायचं तेच सापडत नाही, तिला. गरोदर असाल किंवा पेसमेकर असेल तर हात पण लावू नका. आणि 'लेझरने खालचं टाइट करून देतो' वाल्या जाहिराती, त्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर नजर ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०१८ मध्येच इशारा दिलाय, भाजणं, व्रण, कायमचं दुखणं अशा तक्रारी आल्या होत्या. मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

रिंगबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मला वाटतं ती आपल्याकडे फारच कमी सुचवली जाते. डॉक्टर पेसरी म्हणतात. सिलिकॉनची मऊ रिंग असते, दुमडून आत सरकवायची, आत गेल्यावर उघडते आणि उतरलेला भाग वर धरून ठेवते. साईज बोटांनी मोजून काढतात, पहिल्या वेळी बरोबर बसेलच असं नाही. बसवल्यावर तिथेच खोकून, चालून, बसून, लघवी करून बघायचं, बरोबर बसली असेल तर ती आत आहे हे जाणवतच नाही. जाणवली, टोचली, लघवी अडली तर साईज चुकलीय, सरळ परत जा, सवय होईल म्हणून घरी बसू नका. जुन्या पद्धतीच्या कडक प्लास्टिकच्या रिंगा पण अजून मिळतात, स्वस्त असतात, पण सिलिकॉनची मिळत असेल तर तीच मागा.

प्रकारही वेगवेगळे. साधी रिंग कमी-मध्यम उतरण्याला, ती स्वतः काढता घालता येते आणि ती असताना संबंध पण ठेवता येतात. खूप बाहेर येत असेल तर गेलहॉर्न, तबकडी आणि तिला दांडी, धरून ठेवते घट्ट, पण संबंध शक्य नाहीत आणि काढायला बहुतेक वेळा डॉक्टरच लागतात. क्यूब म्हणजे चौकोनी ठोकळा, तो चारी बाजूंनी चिकटून बसतो म्हणून रोज रात्री काढावाच लागतो, ज्यांना हे जमणार नाही त्यांनी नादी लागू नये. आणि नुसती खोकल्याची लघवी असेल तर एका बाजूला गाठ असलेली रिंग येते, ती गाठ मूत्रमार्गाच्या खाली बसते आणि खोकताना आधार देते. व्यायामाचा क्लास असतो तेव्हाच घालणाऱ्या पण बायका असतात.

त्रास काय होतात? पांढरं जाणं, वास, कधी घासून जखम आणि रक्त. पाळी गेलेल्यांची आतली त्वचा पातळ झालेली असते, त्यांना बऱ्याचदा इस्ट्रोजेनचं क्रीम सोबत देतात. आपल्याकडचा आणखी एक मुद्दा, खाली बसायच्या संडासात जोर दिला की रिंग निसटते, त्यामुळे बद्धकोष्ठ आधी बरा करा आणि जोर द्यावा लागलाच तर बोटाने रिंगला आधार द्या, माझ्या सासूबाईंना नर्सने हीच युक्ती सांगितली आणि निसटायची थांबली. स्वतः काढून साध्या साबणपाण्याने धुवून घालणं शिकून घ्या, ब्रिटनच्याच एका चाचणीत स्वतः सांभाळणाऱ्या बायका दवाखान्यावर अवलंबून असणाऱ्यांइतक्याच बऱ्या होत्या आणि त्यांना त्रास उलट कमी झाले.

रिंग की ऑपरेशन हा प्रश्न नेदरलँड्समध्ये थेट तपासलाय, २०२२ मध्ये निकाल आला. २ वर्षांनी बरं वाटतंय म्हणणाऱ्या रिंगवाल्या गटात साधारण ७६ टक्के, ऑपरेशनवाल्या गटात साधारण ८१ टक्के. ऑपरेशन थोडं पुढे. पण खरी मेख अशी की रिंगने सुरुवात केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी त्या २ वर्षांत ऑपरेशन करून घेतलंच. मला यातून असं वाटतं की रिंग आधी लावून बघण्यात तुमचं काही जात नाही, नको वाटली की काढून ठेवता येते, ऑपरेशन काढून ठेवता येत नाही.

आणि रिंगचा एक फायदा कोणी सांगत नाही. अंग खूप बाहेर आलेलं असतं तेव्हा मूत्रमार्ग मुडपलेला असतो, त्यामुळे लघवी सुटत नाही, उलट अडकत अडकत होते. अंग वर बसवलं की मुडप सरळ होते आणि पहिल्यांदाच खोकताना लघवी सुटायला लागते. ऑपरेशननंतर हे झालं की बाई म्हणते डॉक्टरने बिघडवलं. तेच आधी रिंग लावून काही दिवस राहिलं तर असं होणार का याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, मग त्याच ऑपरेशनमध्ये लघवीचं पण बघायचं का ते ठरवता येतं.

आता टेप आणि जाळी, इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. पॉलिप्रॉपिलिनची साधारण १ सेंटीमीटर रुंद पट्टी मूत्रमार्गाखाली बसवतात ती टेप, फक्त खोकल्याच्या लघवीसाठी, १९९० च्या दशकात स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी आणली. योनीतून मोठी जाळी टाकून उतरलेलं अंग वर धरायचं ते वेगळं, आणि ती जाळी बाहेर येणं, दुखणं, संबंधात त्रास यामुळे एफडीएने एप्रिल २०१९ मध्ये तिची विक्री बंद करायला लावली, ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्येच काढली होती. इंग्लंडमध्ये तर २०१८ च्या जुलैपासून टेपसकट योनीतून बसवायच्या सगळ्याच जाळीला स्थगिती दिली. पोटातून जाळी बसवून योनी वर बांधण्याचं ऑपरेशन एफडीएच्या बंदीत येत नाही, टेप पण नाही. टेपचा गुण जास्त आणि लवकर येतो, बहुतेक जणी दुसऱ्या दिवसापर्यंत घरी, पण नंतर त्रास झाला तर ती सगळी काढणं अवघड असतं, हे सहीच्या आधी विचारा. जाळी नकोच असेल तर स्वतःच्या पोटाच्या पडद्याची पट्टी वापरून पण करतात, किंवा मूत्रमार्गाच्या भिंतीत जेलचं इंजेक्शन, त्याचा गुण कमी आणि पुन्हा घ्यावं लागू शकतं.

घाईच्या लघवीला टेप लावून उपयोग नाही. तिथे ठराविक वेळाने जायची सवय, चहा कमी, औषधं, मग घोट्यापाशी सुई लावून करंट (आठवड्यातून एकदा, ३० मिनिटं, असं १२ वेळा), मग मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन, आणि सगळ्यात शेवटी कमरेत पेसमेकरसारखं यंत्र, त्याचा खर्च लाखांत जातो. लग्नाकार्यात बाथरूम नाही म्हणून पाणीच न पिणं हा उपाय नाही, लघवी घट्ट झाली की घाई वाढते.

वय कमी असेल, अजून मूल हवं असेल तर पिशवी काढायची घाई करूच नका. पिशवी ठेवून पट्टीने वर बांधायची ऑपरेशनं आपल्या मुंबईच्याच डॉक्टरांनी बसवलीत, शिरोडकर आणि पुरंदरे ही दोन नावं आजही जगभरच्या नाही तरी भारतभरच्या गायनॅकॉलॉजिस्टना पाठ आहेत. विचारा, हे माझ्यासाठी चालेल का.

वयस्कर बाईला, जिला आता संबंध नको आहेत आणि मोठं ऑपरेशन झेपणार नाही तिला योनी बंद करून टाकायचं छोटं ऑपरेशन हा पर्याय असतो, परत उतरण्याचं प्रमाण खूप कमी. किंवा रिंग, पण मग दर काही महिन्यांनी तपासायला कोण घेऊन जाणार ते घरात आधी ठरवा. रिंग विसरली जाते, आजी एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात, नव्या घरात कोणाला माहीतच नसतं, आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली तर आतली भिंत झिजून मूत्राशय किंवा गुदाशयापर्यंत भोक पडू शकतं. म्हणून आजींच्या फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, रिंग आहे, कधी बसवली, पुढची तपासणी कधी.