निवासी शाळेतील पहिले वर्ष : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा मुलगा गेल्या जूनमध्ये सहावीसाठी सातारा जिल्ह्यातील एका खासगी निवासी शाळेत दाखल झाला. आता मे महिन्याच्या सुटीत तो घरी आला आहे आणि पुढील वर्षाचा प्रवेश कायम करायचा की नाही, हे ठरवण्याची वेळही आली आहे. शाळेचे नाव मुद्दामच लिहीत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि मूल अजून तिथेच शिकते आहे. प्रवेशापूर्वी मी पाच-सहा शाळांची माहितीपत्रके वाचली होती. त्यांत पोहण्याच्या तलावाचे छायाचित्र असते, पण मुलाला ताप आला तर घरी कोणत्या दिवशी कळेल, हे कुठेच छापलेले नसते. म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातले. यजमान डाळिंबाची बाग पाहतात आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. खासगी शाळा हा आमचा पहिला पर्याय नव्हता. पाचवीत असताना मुलाने पलूसच्या नवोदय विद्यालयाची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, प्रवेश परीक्षा दिली. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण आणि संपूर्ण जिल्ह्यासाठी सहावीच्या जास्तीत जास्त ८० जागा. त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागासाठी असल्या तरी यादीत त्याचे नाव आले नाही. साताऱ्याच्या सैनिक स्कूलचीही परीक्षा दिली. १९६१ मध्ये सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. तिथे मुलगा जावा ही यजमानांची जुनी इच्छा होती. तिथल्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताचे असतात आणि आमच्या चिरंजीवांचे गणिताशी कधीच फारसे सख्य नव्हते. तेव्हा उरल्या त्या खासगी शाळा.

एक अवघड गोष्ट आधीच सांगून टाकते. मी दुसऱ्यांची मुले शिकवते आणि स्वतःचे मूल शिकायला बाहेर पाठवले. गावात हे कुणी तोंडावर बोलले नाही, पण पालकसभेत एक आजी एवढेच म्हणाल्या, "बाई, तुमचं पोरगं लांब घातलंसा, मग आमच्या पोरांचं काय ते तुमीच सांगा." मी चांगली शिकवते असे मला वाटते, आणि मुलगा चौथीपर्यंत माझ्याच शाळेत होता. तरीही पाठवला, कारण सहावीपासून त्याला स्पर्धा, मैदान आणि बरोबरीची मुले मिळावीत असे वाटत होते आणि आमच्या वाडीत त्याच्या वयाची मुले चारच आहेत. हे उत्तर मला पुरते. त्या आजींना पुरेल असे वाटत नाही.

घरात सर्वांत ठाम होते ते सासरे. त्यांचे शिक्षण रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले, ही गोष्ट आमच्या घरात दर उन्हाळ्यात एकदा तरी होते. "मामा, तो अजून अकरा वर्षांचा आहे," असे मी म्हटले की ते म्हणायचे, "अगं, आमी अकराव्या वर्षी भाकरी बडवून शाळंला जात हुतो. कुणी मेलं न्हाई." त्यांचे खोटे नव्हते. मात्र ते घर सोडून गेले तेव्हा घरी खायची भ्रांत होती. वसतिगृहात दोन वेळचे मिळत होते. आमचा मुलगा भरल्या घरातून निघाला होता. मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा दिले, हेही मामाच सांगतात. तिथे मात्र मी दरवेळी अडते. त्या वसतिगृहात पोरांच्या ताटाकडे बघणारी एक बाई होती. माझा सगळा प्रश्न तेवढाच होता : इथे ताटाकडे कोण बघणार?

जूनमधला तयारीचा आठवडा लक्षात राहिला तो नंबरांमुळे. शाळेने प्रत्येक मुलाला एक क्रमांक दिला आणि प्रत्येक कपड्यावर तो घालून पाठवायला सांगितले. आमचा १४७. मार्करने लिहिलेला नंबर तिसऱ्या धुण्यात जातो, असे एका जुन्या पालकांनी सांगितल्यामुळे मी लाल दोऱ्याने टाके घालायला बसले. शर्ट, चड्ड्या, टॉवेल सोपे असतात; मोजे अवघड, कारण मोजा ताणला की टाका तुटतो. बारा मोज्यांवर नंबर घालता घालता चौदा वेळा सुई बोटात गेली. मुलगा शेजारी बसून पत्र्याच्या पेटीच्या कुलपाची किल्ली लावून-काढून बघत होता. "आई, दोन किल्ल्या आहेत. एक तू ठेव," म्हणाला. ती किल्ली अजून माझ्या पर्समध्ये आहे. तिचा उपयोग काय, हे मी त्याला त्या वेळी विचारले नाही.

पहिले दोन महिने वाईट गेले. फोन फक्त रविवारी, रेक्टरांच्या मोबाइलवर, दहा मिनिटे. मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलांचा आवाज येत असतो. मी विचारायची, जेवलास का? हो. काय होते? भाजी. कसली? भाजीच. त्यातली चार मिनिटे अशी जायची आणि मग तो म्हशीच्या रेडकाची चौकशी करायचा. आपल्या मुलाशी बोलण्याजोगे इतके कमी असू शकते, हे मला माहीत नव्हते. नंतर उलगडले की आपण मुलांशी कधी बसून बोलतच नसतो. भाजी चिरताना, दप्तर भरताना, गाडीवर मागे बसवून नेताना बोलणे होत असते. दहा मिनिटे राखून ठेवली की ते येत नाही. ऑगस्टपासून मी आठवडाभरातल्या घरच्या बारीकसारीक गोष्टी कागदावर टिपून ठेवू लागले आणि प्रश्न विचारण्याऐवजी त्या सांगू लागले. कोंबडी माळ्यावर चढली, मामांचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. मग तोही सांगू लागला.

आता तक्रारी. ऑगस्टमध्ये त्याला ताप आला आणि आम्हाला तो तिसऱ्या दिवशी कळला, तोही वर्गशिक्षकांशी दुसऱ्याच कामासाठी बोलताना. डॉक्टरांना दाखवले होते, औषध चालू होते, काळजी घेतली नव्हती असे मी म्हणणार नाही. कळवले का नाही असे विचारल्यावर रेक्टर म्हणाले, "पालक उगाच घाबरतात." घाबरायचे की नाही ते आमचे आम्ही ठरवू, असे मी तिथेच सांगितले. यजमानांना माझा सूर आवडला नाही. मला अजूनही तो योग्यच वाटतो.

दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. दिवाळीला आला तेव्हा बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर बारीक पुरळ होते आणि रात्री खाज वाढायची. खरूज. आटपाडीच्या डॉक्टरांनी पर्मेथ्रिनचे ५ टक्क्यांचे मलम दिले आणि फक्त मुलाला नव्हे तर घरातल्या सगळ्यांना, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, एकाच रात्री लावायला सांगितले. आठवड्याने पुन्हा एकदा. कपडे आणि अंथरूण गरम पाण्यात. आम्ही पाच माणसांनी ते निमूटपणे केले. मामांनी कुरकुर केली, पण लावले. मुलगा बरा होऊन परत गेला आणि डिसेंबरमध्ये पुन्हा तेच. कारण उघड होते. एका खोलीत २४ मुले झोपतात, टॉवेल शेजारी-शेजारी वाळतात आणि शाळा मात्र जो खाजवत आला त्यालाच मलम देत होती. ज्याला अजून खाज सुटलेली नाही, त्याच्याही अंगावर किडा असू शकतो. त्यामुळे एकेकाला बरे करत बसले तर तो खोलीभर फिरतच राहतो. मी हे सगळे व्यवस्थित पत्रात लिहिले, आणखी सात पालकांच्या सह्या घेतल्या आणि पत्र हातात नेऊन दिले. जानेवारीत शाळेने संपूर्ण मजल्याला एकाच रात्री मलम लावले आणि पांघरुणे उकळून घेतली. त्यानंतर त्रास झालेला नाही. तेव्हा श्रेयही देते. फक्त पत्र यायची वाट बघायला नको होती.

जे मिळाले ते खरोखर मिळाले आहे. पाच वाजता उठतो. पोहायला शिकला, आमच्या विहिरीत उतरायला घाबरणारा मुलगा आता यजमानांना पाय कसे मारायचे ते सांगतो. स्वतःचे कपडे स्वतः धुतो आणि वाळले की घडी घालतो, अशी की कडा जुळलेल्या. इंग्रजी वाचन सुधारले. गणित सुधारले असे शाळा म्हणते; मला प्रगतिपुस्तकात तसे दिसते, वहीत तितके दिसत नाही. भांडण झाले तर मिटवायला कुणी मोठे येणार नाही, हे त्याला उमगले आहे आणि ते कसे उमगले असेल याचा मी फार विचार करत नाही. कबड्डीच्या संघात त्याची निवड झाली तेव्हा त्याने फोनवर पहिली दोन मिनिटे काहीच सांगितले नाही आणि मग एकदम सांगितले. हे दाबून ठेवणे त्याच्यात पूर्वी नव्हते. चांगले की वाईट, मला ठरवता आलेले नाही.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात करंज्या तळत होते. मुलगा दारात येऊन उभा राहिला. हातात रिकामा पेला होता. म्हणाला, "आई, पाणी घेऊ का?" आमच्या घरात माठ दारापासून दोन पावलांवर आहे आणि जन्मापासून त्याने त्यातून कुणालाही न विचारता पाणी घेतले आहे. मी "घे" म्हणाले. आपण परवानगी दिली, हे तो पाणी पिऊन गेल्यावर माझ्या लक्षात आले. यजमान म्हणाले, शिस्त लागली. नणंद म्हणाली, किती शहाणा झाला. दोघांचेही बरोबर असेल. त्या सुटीत तो जेवून झाल्यावर ताट धुऊन जागेवर ठेवायचा आणि मग हात मागे बांधून उभा राहायचा, जणू कुणीतरी "जा" म्हणायचे बाकी आहे. आठव्या दिवशी ते सुटले. दहाव्या दिवशी तो परत गेला.

पाठवताना मला भीती होती ती मुलगा दुरावेल, आपल्याला विसरेल अशी. तसे काही झाले नाही. उलट माया वाढलीच असेल. गेली ती रोजची माहिती. कोणता दात हलतो आहे, कोणत्या शब्दाला अडखळतो, हल्ली कोणाशी बोलत नाही, हे मला माझ्या वर्गातल्या २३ मुलांबद्दल सांगता येते आणि स्वतःच्या मुलाबद्दल येत नाही.

याच वर्षी माझ्या वर्गातली चार मुले दिवाळीनंतर आजी-आजोबांकडे राहत होती, कारण आई-वडील ऊसतोडीला गेले होते. अशा मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, त्यामुळे जेवणाची सोय होते. तिथे आई-बाप जातात आणि मूल मागे राहते, आमच्याकडे उलटे. मुलाच्या खोलीतही निम्मी मुले आमच्याच भागातल्या गलाई व्यावसायिकांची आहेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची ही माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-कोलकात्यापर्यंत पसरली आहेत आणि मुलांना मराठी शाळा मिळावी म्हणून अनेक जण त्यांना इकडे ठेवतात. त्यांतल्या एका मुलाची आई पालकभेटीला वर्षातून एकदाच येऊ शकते. जानेवारीत ती आली तेव्हा तिने माझ्या मुलाच्याही डोक्याला तेल लावले आणि मला विचारले, "ताई, तुमी दर महिन्याला येता, तर माझ्या पोराच्या ताटाकडं जरा बघता का?" तेव्हापासून मी दोन डबे नेते.

खर्चाबद्दल थोडक्यात : वर्षाचे शुल्क १,४०,००० रुपये सांगितले होते, गणवेश, सहल, धुलाई आणि किरकोळ मिळून ते १,६८,००० पर्यंत गेले. "किरकोळ" या शब्दाचा तपशील प्रवेश घेतानाच लेखी मागून घ्यावा. डाळिंबाच्या बागेवर तेल्या रोग पडला असता तर दुसरा हप्ता जमला नसता.

कुणी विचारले तर मी सरसकट पाठवा असे सांगणार नाही. जे मूल स्वतःहून त्रास सांगत नाही, त्याला सहावीत पाठवू नये, आठवीपर्यंत थांबावे. पाठवायचेच असेल तर शाळेतला तलाव बघण्याआधी झोपण्याची खोली आणि टॉवेल वाळत घालायची जागा बघावी, आजारी मुलांची खोली उघडून दाखवायला सांगावी, आणि ताप आल्यास त्याच दिवशी फोन येईल असे लिहून घ्यावे. आमच्या शाळेने या वेळी ते लिहून दिले आहे.

पुढच्या वर्षाचे ठरवताना आम्ही पहिल्यांदा मुलालाच विचारले. गेल्या वर्षी विचारले नव्हते, फक्त सांगितले होते. तो बराच वेळ रेडकाच्या पाठीवरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, "जायचंय. पण रविवारचा फोन वीस मिनिटांचा करा म्हणावं." मी रेक्टरांना तसे कळवले. पंधरा मिनिटांवर तडजोड झाली आहे.