नाशिकची स्पार्कलिंग वाईन: शेनिन ब्लाँ की शार्दोने?

गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची छाटणी) झालेल्या दिंडोरीकडच्या बागांत स्पार्कलिंगसाठीची, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनसाठीची, द्राक्षं जरा लवकरच खुडतात. साखर फार चढायच्या आत, आंबटपणा शाबूत असताना. इथे शेनिन ब्लाँ बाजी मारते. मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली ही जात उन्हातही आंबटपणा सहजी सोडत नाही. ग्लास नाकाशी धरला की नासपती, हिरवं सफरचंद, कधी पेरूचाही वास येतो. घोट हलका, तरतरीत.

शार्दोने या दुसऱ्या द्राक्षजातीचा स्वतःचा गंध बेताचा, लिंबाकडे झुकणारा. तिची खरी कमाई बाटलीत दुसऱ्यांदा आंबल्यानंतरची. यीस्टच्या गाळावर महिनोन्‌महिने राहिली की भाजलेल्या पावाचा वास चढतो, बुडबुडे बारीक होतात, घोट भरीव लागतो. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात तर विक्रीआधी किमान 15 महिने बाटलीत, त्यातले 12 गाळावर, असा नियमच आहे. ही सगळी थांबाथांब किमतीत उतरते.

गरम कोथिंबीर वडीसोबत मी डोळे झाकून शेनिन घेईन. तळलेलं पापलेट असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर मात्र शार्दोनेच.