नवजात बाळांच्या छायाचित्रणाचे सामान: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकमधील आमच्या स्टुडिओत नवजात बाळांसाठी एक स्वतंत्र खोली तयार केली आणि तिच्यासाठी मोठा पोझिंग बीनबॅग, ऑइल हीटर, सतत प्रकाश देणारा एलईडी दिवा, तापमान व आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र, गुंडाळण्याची ताणली जाणारी कापडे आणि एकसुरी आवाजाचे यंत्र असे सामान घेतले. आता उन्हाळा सरत आला आहे. यातल्या बहुतेक वस्तूंच्या जाहिरातीत ‘बाळासाठी सुरक्षित’ असे लिहिलेले असते. इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझे स्पष्ट मत आहे की यातील कोणतीही वस्तू स्वतःहून बाळाला सुरक्षित ठेवत नाही. बाळापासून वीतभर अंतरावर एका माणसाचा हात सतत मोकळा राहावा आणि बाळाचा श्वास व रंग प्रत्येक क्षणी दिसावा, या दोन कामांना ती वस्तू किती मदत करते, यावरच तिची पारख केली पाहिजे.

सर्वांत जास्त वापर बीनबॅगचा होतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. आमचा बीनबॅग सुमारे ४० इंच व्यासाचा आहे. वरचे आवरण रेक्झिनचे आणि आत थर्माकोलचे मणी. तो जमिनीवरच ठेवायचा असल्याने उंचावरून पडण्याचा धोका मुळातच राहत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. टेबलावर किंवा सोफ्यावर बाळ ठेवून छायाचित्रे काढण्यापेक्षा ही व्यवस्था कितीतरी चांगली. आवरण ओल्या फडक्याने पुसता येते, आणि उघड्या अंगाच्या बाळांच्या बाबतीत तशी वेळ रोजच येते.

पहिले काही महिने पृष्ठभाग हवा तसा घट्ट होता. दिवाळीनंतर मात्र तो मधोमध खोलगट होऊ लागला, कारण वारंवारच्या दाबाने थर्माकोलचे मणी चेपतात आणि त्यांचे आकारमान घटते. विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची आहे. नवजात बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते, त्याच्या मानेत डोके सावरण्याइतके बळ नसते, आणि पृष्ठभाग खचला की हनुवटी छातीकडे झुकून श्वासाची वाट अरुंद होते किंवा नाक कापडात रुतते. बाळ अशा वेळी अनेकदा धडपडत नाही, रडतही नाही. त्यामुळे बघणाऱ्याला ते शांत झोपलेलेच वाटते. आम्ही आता साध्या पद्धतीने बीनबॅग तपासतो. आपल्याकडची पूर्ण दिवसांची बाळे साधारण अडीच ते साडेतीन किलोची असतात, म्हणून ३ किलो तांदूळ जुन्या दुपट्यात बांधून ती पुरचुंडी बीनबॅगच्या मध्यभागी ठेवायची आणि ती दोन बोटांपेक्षा जास्त खोल गेली तर मणी भरायचे. ही तपासणी प्रत्येक सत्राआधी होते. मणी भरताना खोलीत बाळ नसावे, आतल्या पिशवीची चेन नीट लागलेली असावी आणि सांडलेला प्रत्येक मणी उचलला जावा, कारण तो श्वासात जाण्याइतका हलका असतो.

बीनबॅगवरची चादर मागच्या स्टँडला चिमट्यांनी घट्ट ताणून लावावी लागते. सैल चादरीची घडी चेहऱ्याशी गोळा होते. डोके किंचित वर राहावे म्हणून चादरीच्या खाली, बाळाच्या अंगाला थेट न लागणाऱ्या छोट्या टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवतो. घरी बाळाला कडक, सपाट गादीवर पाठीवरच झोपवायचे असते, आणि पोटावर झोपलेल्या बाळाची छायाचित्रे पाहून कोणी घरी तसे करू नये म्हणून मी हे प्रत्येक कुटुंबाला आवर्जून सांगते. बीनबॅग ही झोपण्याची जागा नाही. मी भिंग बदलायला वळले तरी माझ्या सहायिकेचा तळवा बाळाच्या पाठीवरच असतो.

आता हनुवटी हातांवर टेकवून बसलेल्या बाळाच्या पोझविषयी, जिला या व्यवसायात ‘फ्रॉगी’ म्हणतात. मोबाइलवर ते छायाचित्र दाखवून ‘आम्हाला अगदी असंच हवं’ असे सांगणारे आई-वडील जवळजवळ प्रत्येक आठवड्यात येतात. नवजात बाळ स्वतःच्या मनगटांवर डोके तोलू शकत नाही. ते छायाचित्र दोन छायाचित्रे जोडून बनवलेले असते: एकात सहायिका बाळाचे डोके वरून धरते, दुसऱ्यात मनगटे धरते, आणि संगणकावर दोन्ही जोडून हात पुसले जातात. एकाही क्षणी बाळ आधाराशिवाय नसते. झोळीत किंवा फांदीला टांगलेल्या बाळांची छायाचित्रेही अशीच करायची असतात. बाळ खाली बीनबॅगवरच असते. मी हे आई-वडिलांना आधी, कॅमेरा हातात घेण्यापूर्वी, मूळ छायाचित्रांसह दाखवते. त्यामुळे अपेक्षा योग्य होतात आणि घरी आत्या-मावशीने मोबाइलवर तोच प्रयोग करून पाहण्याची शक्यताही घटते. या पोझसाठी घट्ट बीनबॅग फार कामाचा आहे, पण बाळाने एकदा जरी अंग ताठ केले किंवा हात झटकला, तरी ती पोझ त्या दिवसापुरती सोडून द्यायची, हा आमचा नियम आहे.

ऑइल हीटरची खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत झाली, कारण नाशिकला पहाटेचा पारा अनेकदा १० अंशांखाली उतरतो. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्वचेखाली चरबी कमी असते आणि मोठ्यांसारखे कुडकुडून उष्णता निर्माण करणे त्याला जमत नाही. शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीच्या खोलीसाठी २५ ते २८ अंश सांगते, आणि उघड्या अंगाच्या छायाचित्रांसाठी आम्हीही खोली त्याच पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे ठेवतो. बाळ गुंडाळलेले असेल तर तापमान खाली आणावे लागते, कारण कापडात गुंडाळलेल्या बाळाला उकडले तरी ते अंगावरचे काढू शकत नाही. मानेमागे घाम, तांबूस चेहरा आणि जलद श्वास दिसला की आधी कापड सोडायचे. गार-गरम पाहण्यासाठी हात-पाय चाचपून उपयोग नसतो. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावे.

ऑइल हीटर निवडण्याचे कारण म्हणजे त्यात लाल तापलेली तार उघडी नसते आणि बाळाच्या अंगावर गरम हवेचा झोतही येत नाही. तोटे दोन. खोली तापायला वेळ लागतो, म्हणून तो कुटुंब येण्याच्या बराच आधी लावावा लागतो. आणि २००० वॅटच्या हीटरला साधा सॉकेट चालत नाही, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंटच हवा. एक्स्टेंशन बोर्डावर तो मुळीच लावू नये. बीनबॅगमधील थर्माकोल पेट घेणारे असल्याने दोहोंमध्ये चार-पाच फुटांचे अंतर आम्ही जमिनीवर पट्टी चिकटवूनच ठरवले आहे. वीज गेली तर इन्व्हर्टरवर हीटर चालत नाही. त्या वेळी सत्र थांबवून बाळाला दुपट्यात गुंडाळून आईजवळ देतो. घरी जाऊन छायाचित्रे काढताना काही ठिकाणी खोली उबदार करण्यासाठी निखाऱ्यांची शेगडी आत आणली जाते. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला ना रंग ना वास; शेगडी बाहेर नेल्याशिवाय आणि खिडकी उघडल्याशिवाय मी काम सुरू करत नाही. धुरीचा आग्रह धरणाऱ्या आज्यांनाही मी हे नम्रपणे सांगते.

तापमानाचे छोटे यंत्र स्वस्त आहे आणि या सगळ्यात त्याने सर्वाधिक मोल परत केले. भिंतीवरील काटा आणि बीनबॅगच्या उंचीवरील आकडा यांत थंडीत दोन-तीन अंशांचा फरक दिसला, कारण गरम हवा वर जाते आणि बाळ जमिनीजवळ असते. ते यंत्र बाळाशेजारीच ठेवावे.

दिव्याबद्दल माझे मत वापराने बदलले. घेताना छाया मऊ पडाव्यात एवढाच विचार होता. आता वाटते की ५६०० केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, रंग खरे दाखवणारा (सीआरआय ९५ च्या वर) दिवा हे या खोलीतील सुरक्षिततेचे पहिले साधन आहे. पिवळ्या बल्बच्या उबदार प्रकाशात बाळाच्या कातडीचा पिवळेपणा कळत नाही आणि निळसरपणाही लपतो. पहिल्या दिवसांत तळहात-तळपाय जरा निळसर असणे बऱ्याच बाळांत आढळते. ओठ किंवा जीभ निळी दिसली तर मात्र क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांकडे जायचे. दुमडलेल्या पोझमध्ये एखादा पाय जांभळा पडू लागला तर रक्ताभिसरण दबले आहे असे समजून पोझ लगेच सोडायची. कावीळ पुष्कळ बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते. छायाचित्रातला पिवळेपणा संगणकावर काढून टाकणे सोपे आहे, पण पोट आणि पाय पिवळे दिसले किंवा बाळ दूध न पिता नुसते पेंगत राहिले, तर मी काम तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगते. दिव्याचा पंखा आवाज करतो, ही त्याची उणीव. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच, आणि वरून छायाचित्र घेताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवा.

गुंडाळण्याची कापडे चांगली निघाली. मात्र पाय सरळ ताणून घट्ट बांधल्यास खुब्याच्या सांध्याला अपाय होऊ शकतो; गुडघे वर आणि बाहेर वळायला जागा राहिली पाहिजे, आणि छातीवरच्या कापडात दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. आवाजाचे यंत्र ठीक आहे. ते बाळापासून २ मीटर दूर आणि मंद ठेवतो. बाळ शांत व्हावे म्हणून चोखणी मधात बुडवून देण्याची सूचना नातेवाइकांकडून येते. एक वर्षाच्या आत मध देऊ नये. त्यातील जिवाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

परदेशी शिकवणीत पहिले पाच ते चौदा दिवस उत्तम असे सांगतात, कारण तेव्हा बाळ गाढ झोपते आणि अंग सहज दुमडते. आपल्याकडे सोयर असते, बाराव्या दिवशी बारसे असते, आणि अनेक घरांत सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला बाहेर नेत नाहीत. मी त्या रीतीविरुद्ध घाई करायला सांगत नाही. सव्वा महिन्यानंतरचे बाळ दचकून हात फैलावते, जास्त वेळ जागे असते. त्याच्यासाठी दुमडलेल्या पोझ सोडून कुंची-टोपऱ्यातली, आजीच्या मांडीवरची, पाठीवर झोपलेली छायाचित्रे काढते, आणि मला तीच अधिक आवडतात. गालावरची तीट मी पुसत नाही. डोळ्यांत काजळ घालू नका एवढे मात्र सांगते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळाला डॉक्टरांनी होकार दिला तरच घेते, आणि तेही गुंडाळलेल्या स्थितीतच. टाके असलेल्या आईसाठी बीनबॅगजवळ पाठ टेकता येईल अशी उंच खुर्ची ठेवली आहे. तिला जमिनीवर बसावे लागू नये आणि बाळ तिच्या नजरेआड जाऊ नये.

काचेच्या बरण्या, उंच टोपल्या आणि दिव्यांच्या माळा आम्ही वापरत नाही. लाकडी खोके वापरायचे असेल तर कुसळे घासून काढतो, तळाशी वजन ठेवतो आणि सहायिका खोक्याला हात लावूनच बसते.

शेवटची गोष्ट सामानाची नाही, तरी या खोलीतच घडते. डांग्या खोकल्याविरुद्धची लस आपल्याकडे सहा आठवड्यांनी सुरू होते, त्यामुळे स्टुडिओत येणाऱ्या बाळांना तिचे संरक्षण बहुधा मिळालेले नसते. मला किंवा सहायिकेला खोकला असेल, किंवा ओठावर तापाचा फोड उठलेला असेल, तर तारीख पुढे जाते. सोबत आलेल्या नातेवाइकांनाही हा नियम लागू आहे, आणि हात धुतल्याशिवाय कोणीही पडद्याच्या आत येत नाही. काही कुटुंबे यावर नाराज झाली, एकाने आगाऊ दिलेली रक्कम परत मागितली, आणि ती आम्ही पूर्ण परत केली.