घरबसल्या लेसची कानातली: माझे ८,८६० रुपये गेले

डिपॉझिट भरा, सामान घ्या, माल करून पाठवा, आम्ही विकत घेतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी फसले, आणि हे लिहिताना अजून मान खाली जाते.

बावीस वर्षं माझ्या हातात क्रोशाची सुई आहे. रुखवताचे रुमाल केले, तोरणं केली, आता चार वर्षं बारीक दोऱ्याची कानातली करते. चाळीस नंबरचा सुती दोरा, पाऊण मिलिमीटरची स्टीलची सुई, लेस ताठ राहावी म्हणून वर पाणी घातलेलं फेव्हिकॉल. एका जोडीला दोन तास लागतात. दीडशे रुपये सांगितले की ओळखीच्या बायकासुद्धा म्हणतात, ‘दोराच तर आहे!’ त्यामुळे ‘महिन्याला ६० जोड, जोडीला ९० रुपये, सगळा माल आम्ही उचलू’ ही जाहिरात वाचून जीव हरखला. हाव नव्हती ती. माझ्या कामाला कुणीतरी ठरलेला भाव देत होतं.

६,५०० डिपॉझिट, ५०० करारनाम्याचे. जो काम देतो तो पैसे मागत नाही. मागितले की फोन ठेवा.

सामानाच्या डब्यात नमुन्याचं एक कानातलं होतं. मी ते उलटं करून दिव्याखाली धरलं. मागे क्रोशाच्या टाक्यांची ना साखळी, ना खांब, नुसते आडवेतिडवे धागे. क्रोशात दोरा एकातून एक ओवत जातो, टोक ओढलं की उसवतं. हे उसवेना. पाण्यात विरघळणाऱ्या कापडावर मशीनने भरतकाम करून काढतात, ती लेस होती. हातकाम विकत घेणारा माणूस नमुना मशीनचा कशाला पाठवेल? बोटांना कळलं होतं. मी मनाची समजूत घातली, डिझाइन दाखवायला पाठवलं असेल. मग त्यांच्या दोऱ्याचं टोक जाळून पाहिलं. सुती दोऱ्याची कागदासारखी राख होते. हा वितळला आणि त्याचा काळा मणी झाला. पॉलिएस्टर! करारात मात्र ‘सुती’. तिथेच डबा बंद करायला हवा होता. पण ७,००० भरून झाले होते, घरी सांगितलं नव्हतं, आणि मी विणायला बसले. त्या रात्रीचा राग मला त्या लोकांपेक्षा स्वतःचा जास्त येतो.

६० जोड, १२० तास. कुरिअरचे ३४०. दहा दिवसांनी निरोप: ४१ जोड नापास. करारात बारीक अक्षरात होतं, ९० टक्के पास झाले नाहीत तर डिपॉझिट जप्त. करार सही करण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. मग फेरतपासणीचे १,००० आणि वर जीएसटी १८०. तेही भरले, कारण वाटलं, एवढ्याने ७,००० सुटतील. नव्याने केलेले पाच जोड पाठवायला आणखी ३४०. त्यानंतर ‘वकिला’ची नोटीस आली, करारभंगाचे १२,००० द्या म्हणून. ते दिले नाहीत. नोटिशीला घाबरून एक रुपयाही देऊ नका.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा ऐकलं, ‘सही तुमचीच ना? हे दिवाणी प्रकरण.’ दुसऱ्यांदा, ‘कंपनी दुसऱ्या राज्यात, आमची हद्द नाही.’ तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्तावर. एक जण हसून म्हणाला, ‘दोऱ्याच्या कानातल्यांचे एवढे पैसे?’ माझे १२० तास त्याने एका वाक्यात उडवले. हद्दीचं कारण खोटं होतं, हे मला उशिरा कळलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस थेट तपास करू शकतात) कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवता येते. मी पाठवली. सहा आठवडे झाले, पोचसुद्धा नाही. बँकेत सांगितलं, ‘तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार?’ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर फोन त्याच दिवशी करा, पैसे पुढे सरकायच्या आत. मी चाळीस दिवसांनी केला.

परवा त्यांची नवी जाहिरात दिसली. फोटोतली कानातली माझी आहेत. कडेला तीन साखळ्यांचा पिको, म्हणजे बारीक टोक, आणि एकाआड एक मोती, ही माझी किनार. नापास म्हणून ठेवून घेतलेल्या मालावर आता दुसऱ्या बायकांकडून डिपॉझिट घेतायत. मी खाली लिहिलं, ‘हे माझं काम आहे, पैसे भरू नका.’ पाच मिनिटांत ते पुसलं आणि मला ब्लॉक केलं. मुलीच्या फोनवरून पाहिलं, जाहिरात अजून चालू आहे. डिपॉझिट आता ७,५०० केलंय.