पत्ता बदलून पाठवलेली पैठणी

साडी पोहोचली होती. ठाण्याच्या एका सोसायटीत, ९ ऑक्टोबर २०२४ ला दुपारी, कुरिअरवाल्याच्या मोबाइलवर बोटाने सही करून कोणीतरी ती ताब्यात घेतली. त्या सहीचा फोटो आजही माझ्याकडे आहे. तरीही ‘वस्तू मिळाली नाही’ या ग्राहकाच्या दाव्यात मी हरले आणि माझे ११,५०० रुपये गेले. कसे गेले ते सविस्तर लिहिते, कारण हीच युक्ती नंतर आमच्याच गावातल्या आणखी एकीवर वापरली गेली.

आम्ही येवल्याचे. घरात दोन हातमाग आहेत. नवरा आणि दीर विणतात, विक्री मी बघते. २०२० च्या टाळेबंदीत दुकानदारांनी माल उचलणं थांबवलं, तेव्हा भाच्याने एका मोठ्या ऑनलाइन बाजारात आमचं खातं उघडून दिलं. तिथे पार्सल त्या बाजाराच्याच माणसाकडे सोपवता येतं किंवा आपल्या कुरिअरने पाठवता येतं. पैठणी कोणाच्याही गोणीत फेकली जाऊ नये म्हणून मी आपलं कुरिअर निवडलं होतं.

नवरात्रात, ६ तारखेला, गर्द जांभळ्या सिंगल मुनिया काठाच्या साडीची ऑर्डर आली. नाव पुरुषाचं, पत्ता पुण्याचा, पैसे आधीच भरलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोक्याला चिकटपट्टी लावत होते तेवढ्यात फोन आला. आवाज बाईचा, बोलणं अगदी घरातल्यासारखं. “ताई, ती जांभळी पैठणी माझीच आहे. ऑर्डर मिस्टरांच्या नावावर केलीय. मी डोहाळजेवणासाठी माहेरी ठाण्याला आलेय. पुण्याला गेली तर दिवसावर हातात यायची नाही. इकडे पाठवाल का?” माझा नंबर कुठून मिळाला, असं मी विचारलंसुद्धा. इन्स्टाग्रामवरच्या आमच्या पानावरून, म्हणाली. तिथे तो आहेच. साडीचा रंग, किंमत, ऑर्डरचा दिवस, सगळं तिला बरोबर माहीत होतं. मग शंका कशाची घ्यायची? पहिलटकरीण आहे, साडी वेळेवर पोहोचली पाहिजे, एवढंच माझ्या मनात आलं. तिने व्हॉट्सॲपवर पत्ता पाठवला, मी तो भाच्याला पुढे पाठवला, त्याने नवीन लेबल लिहिलं आणि पार्सल गेलं.

पोहोचल्यावर तिचा मेसेजही आला होता, दोन जोडलेल्या हातांच्या चित्रासह.

अकरा दिवसांनी बाजाराच्या खात्यावर सूचना आली की ग्राहकाने ‘वस्तू मिळाली नाही’ असा दावा केला आहे, तीन दिवसांत उत्तर द्या. मला धक्का बसला, पण भीती वाटली नाही. पोच पावती होती, सही होती, कुरिअरच्या नोंदीत ‘डिलिव्हर्ड’ होतं. मी तासाभरात सगळं चढवलं आणि निश्चिंत झाले.

माझ्याच पुराव्याने मला हरवलं. ऑर्डरवरचा पिनकोड ४११ ने सुरू होत होता, पावतीवरचा ४०० ने. बाजाराच्या नियमात विक्रेत्याला संरक्षण मिळतं ते ऑर्डरवर छापलेल्या पत्त्यावर माल पोहोचवला तरच. दुसरीकडे पोहोचवलेला माल त्यांच्या लेखी पोहोचलेलाच नसतो. पुण्यातला तो खातेदार म्हणत होता की मी ठाण्यात कोणाला ओळखत नाही, मी कोणालाही पत्ता बदलायला सांगितलं नाही. आणि कागदावर त्याचं म्हणणं खरं होतं. सांगितलं होतं एका बाईने, वेगळ्या नंबरवरून, बाजाराच्या बाहेर.

व्हॉट्सॲपवरचं संभाषण दाखवावं म्हणून उघडलं तर ते रिकामं होतं. वर बारीक अक्षरात एक ओळ होती, की या चॅटमधले मेसेज २४ तासांनी गायब होतील. ती सोय तिने पहिल्याच दिवशी चालू करून ठेवली होती. मला तेव्हा ती ओळ दिसली असणार, पण मी ती वाचली नाही. भाच्याकडे पुढे पाठवलेला पत्ता तेवढा उरला. तो कोणाकडून आला हे त्यावर कुठेच नव्हतं. त्या नंबरवर फोन केला तर लागेना.

अपील केलं. ‘ऑर्डरवरील पत्त्यावर वस्तू पोहोचल्याचा पुरावा जोडावा,’ हे एकच वाक्य चार वेळा परत आलं. दिवाळीच्या आठवड्याच्या हिशेबात ११,५०० वजा होऊन खातं उणे झालं. ती साडी दिराने पंधरा दिवस बसून विणली होती. त्याची मजुरी मी घरखर्चातून दिली आणि त्याने ती घेताना मान वर केली नाही, ते मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

तेव्हा काय करायला हवं होतं? सोपं होतं. “ताई, ही ऑर्डर रद्द करा, ठाण्याचा पत्ता घालून पुन्हा करा, मी आजच पाठवते.” एवढं एक वाक्य. खऱ्या ग्राहकाला त्यात पाच मिनिटं जातात. शिवाय बोलणं बाजाराच्या स्वतःच्या चॅटमध्येच करायचं. फोन आलाच तर फोन ठेवल्यावर लगेच तिथे लिहायचं, ‘आपण पत्ता बदलण्याविषयी बोललात, कृपया ऑर्डर रद्द करून नव्याने करावी.’ खातेदार दुसराच असेल तर तो तिथेच उघडा पडतो. मेसेज गायब होण्याची ओळ दिसली तर आधी स्क्रीनशॉट काढा, मग बोला.

आता दुसरी बाजू, कारण ती लिहिली नाही तर मी अन्याय करेन. या फसवणुकीनंतर काही महिने मला प्रत्येक ग्राहक चोर वाटायचा. नागपूरच्या एका बाईंनी साडी मिळाली नाही म्हणून कळवलं, तेव्हा मी तिरकसच बोलले. नोंदीत ‘डिलिव्हर्ड’ होतं ना! पण त्या दिवसभर घरीच होत्या. मी कुरिअरच्या नागपूर शाखेला फोन लावून पार्सल देताना नोंदलेलं ठिकाण विचारलं, तर पोऱ्या शेजारच्या इमारतीच्या वॉचमनकडे खोकं टाकून मोकळा झाला होता. साडी संध्याकाळी सापडली. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी त्याच दिवशी कळवलं म्हणून सापडली; आठवड्याने कळवलं असतं तर वॉचमनही बदलला असता आणि खोकंही राहिलं नसतं. त्यामुळे दावा आला की मी आधी कुरिअरला फोन करते, तोही त्याच दिवशी: कोणाच्या हातात दिलं, कुठे दिलं, फोटो आहे का. ग्राहकाला दोष देण्याआधी हे कळलंच पाहिजे.

सध्या मी महागाच्या साड्या स्पीड पोस्टने पाठवते. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून ओटीपी सांगितल्यावरच पार्सल द्यायची सोय आली. त्याला वर पाच रुपये आणि जीएसटी एवढाच खर्च येतो. ओटीपी ग्राहकाच्याच मोबाइलवर जातो, म्हणून काउंटरवर ऑर्डरवरचाच नंबर द्यायचा, फोनवर कोणी सांगितलेला नाही. पार्सल बांधताना एकाच सलग व्हिडिओत साडी, पदर, शुद्ध रेशमाची खूण असलेल्या सिल्क मार्कच्या लेबलवरचा क्रमांक आणि ऑर्डरचं लेबल घेते, मध्ये कुठेही न थांबवता. काउंटरवरच्या पावतीवर वजन छापून येतं, ती जपून ठेवते. रिकामं खोकं आलं असं कोणी म्हणालं तर हे वजन कामी येईल. ‘मिळालंच नाही’ म्हणणाऱ्यासमोर मात्र पत्ता आणि ओटीपी, एवढंच टिकतं.

तक्रारीचं विचाराल तर मी पोलीस ठाण्यात गेले होते. १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक खात्यातून पैसे गेले असतील तर ताबडतोब फिरवायचा असतो, म्हणजे ते पुढे जाण्याआधी अडवता येतात. माझा माल गेला होता, म्हणून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवून माल काढून घेणं येतं, हे मी वाचून गेले होते. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमच्या एकट्या अर्जावर समोरचा म्हणेल की हा विक्रीतला वाद आहे. असेच आणखी अर्ज आले, तर तीच माणसं, तीच पद्धत हे दाखवता येईल.”

दोन महिन्यांनी गल्लीपलीकडच्या मैत्रिणीने सांगितलं, तिच्याकडूनही एक साडी अशीच गेली. ऑर्डर पुण्याच्या पुरुषाच्या नावावर, फोन बाईचा, कारण डोहाळजेवणाचं. पत्ता फक्त ठाण्याऐवजी कल्याणचा. तिने कुठेच तक्रार केली नव्हती, लोक काय म्हणतील म्हणून. मी तिला सोबत घेऊन गेले आणि दुसरा अर्ज दिला. दोन्ही अर्जांत नंबर वेगवेगळे आहेत, पण ठाण्याच्या आणि कल्याणच्या पावतीवरची बोटाने केलेली सही दोघींना सारखी वाटते. साहेबांनी दोन्ही प्रती एकाच फायलीला लावून घेतल्या आहेत.

तुम्हाला असा फोन आला असेल, माल गेला असेल किंवा थोडक्यात वाचला असेल, तर तो नंबर, तारीख आणि पोच पावती टाकून देऊ नका. जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि त्यात डोहाळजेवणाचा उल्लेख नक्की करा.