जालन्याच्या मेळाव्यातला ‘शेवटल्या काळाचा’ तक्ता: घ्यावा का?

जगाच्या शेवटाविषयीची बायबलमधली भाकितं मांडणारा तीन बाय पाच फुटांचा फ्लेक्स. चार कोपऱ्यांत रिंगा आहेत, त्यामुळे मंडळीच्या (चर्चच्या) भिंतीवर सहज टांगता येतो. अक्षरं मागच्या बाकावरूनही वाचता येतात. दानीएल ९:२४-२७ मधल्या सत्तर सप्तकांची (सात-सातांच्या गटांची) पट्टी तर फार नेटकी आहे. ६९ सप्तकं आणि उरलेलं एक वेगळ्या रंगात.

घोळ उजव्या रकान्यात आहे, जिथे आजची युद्धं वचनांना जोडली आहेत. यहेज्केल ३८ मधल्या ‘मेशेख’समोर थेट मॉस्को लिहिलंय. हे निव्वळ उच्चारसाम्य. मेशेख आणि तुबाल ही आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन लोकांची नावं, अश्शूरी लेखांतही ती सापडतात. ‘रोश’ म्हणजे रशिया हेही तसंच. इब्री भाषेत त्या शब्दाचा साधा अर्थ ‘डोकं, प्रमुख’. पारस म्हणजे इराण, एवढी जोडणी मात्र भूगोलाला धरून आहे.

प्रकटीकरण ८:११ मध्ये ‘कडूदवणा’ नावाच्या ताऱ्याने पाणी कडू होतं; त्यापुढे १९८६ चा चेर्नोबिलचा अणुभट्टी अपघात छापलाय. त्या नावाची वनस्पती कडूदवण्याच्या कुळातली खरी, पण तो कडूदवणा नव्हे.

सगळ्यात खटकतं ते मत्तय २४:६ अर्धंच देणं. लढायांचा भाग घेतला, ‘घाबरू नका’ गाळलं! बातम्या पाहून धास्तावलेल्या म्हाताऱ्या माणसांसमोर हे टांगणं बरं नाही.

घ्यायचाच तर उजवा रकाना कागदाने झाकून, फक्त दानीएलच्या पाठासाठी वापरा.